कळंबाचा वास

राजाजीनगरातल्या त्या गल्लीत कुणाकडं नवा फ्रीज आला, कुणाची सून रुसून माहेरी गेली, महापालिकेची माणसं रस्ता खणून नेमकं काय शोधताहेत, हे सगळं संयोगिताला ठाऊक असायचं. ठाऊक नसलं तर ती पायात चपला सरकवून विचारायला निघायची. मराठीत, कन्नडात, तमिळमध्ये, समोरच्याला जी भाषा येईल तीत. आता याला कुणी भोचकपणा म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण बाईच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तिला नुसतं कळून घ्यायचं असायचं. त्यात जन्मभर नोकरी केली ती टेलिफोन खात्यात, दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्याची. खोड मोडायची राहिली बाजूला, उलट तिला पगार मिळत गेला.

साठी आली तरी सकाळचा तिचा पहिला उद्योग ठरलेला होता, फाटकासमोरच्या होंगेच्या झाडाशी भांडण. होंगे म्हणजे आपला करंज. बंगळुरात जाल त्या रस्त्याला हा उभा असतोच. चैत्र आला की याची जांभळट पांढरी फुलं लाह्यांसारखी खाली सांडतात, आणि रांगोळी काढायची तर आधी टोपलीभर फुलं झाडावी लागतात. "मेल्या, तुला दुसऱ्या कुणाचं दार नाही मिळालं?" म्हणत संयोगिता झाडू मारायची. तिचे थोरले भाऊ भगवंतराव व्हरांड्यात पेपर वाचत असायचे. एरवी बहिणीच्या बडबडीला ते हसायचे, पण होंगेवर तोंडसुख सुरू झालं की ते पेपराचं पान उलटायचे.

तर अशी ही सगळ्या गल्लीची खबर ठेवणारी बाई, आणि तिची एक गोष्ट मात्र बघायची राहूनच गेली होती. स्वतःच्या घराण्याचं देवक.

शहाजीराजांच्या काळात घोड्यावरून इकडं आलेलं हे घराणं. घोडे गेले, तलवार गंजली, मराठीत निम्मं कन्नड मिसळलं, पण देवक सुटलं नाही. देवक कळंब, म्हणजे कदंब. देवनहळ्ळीला त्यांच्या जुन्या रानात कळंबाचं झाड होतं, आणि घरात कुणाचंही लग्न निघालं की त्याची डहाळी आणून मांडवाच्या मेढीला बांधायची. आणायला जायचं ते घरातल्या वडील माणसानं, लग्नाच्या मुलानं आणि सवाष्णींनी. कुमारिकेनं त्या झाडापाशी जायचं नाही. डहाळी यायची ती लाल कापडात घट्ट गुंडाळून, ते कापड कुणी सोडायचं नाही आणि जाऊन आलेल्यांनी झाडाबद्दल बोलायचं नाही. लग्न उरकलं की तशीच तळ्यात सोडायची.

लहानपणी एका चुलतबहिणीच्या लग्नात संयोगितानं कापडाचं टोक उचलून आत डोकावायचा प्रयत्न केला होता. वडिलांनी, म्हणजे आप्पाजींनी, हातावर अशी चापट मारली की दिवसभर हात लाल राहिला.

"आत काय आहे?" तिनं रडत विचारलं होतं.

"कळंब."

"तो कसा असतो?"

"कळंबासारखा," आप्पाजी म्हणाले, आणि विषय संपला.

त्यांच्यापुरता संपला असेल. हिच्या डोक्यात तो किडा वळवळतच राहिला. लग्न झालं की सवाष्ण म्हणून जाऊन बघू, असं तिनं ठरवलं होतं. लग्न झालं नाही, आणि बघणंही राहिलं.

लग्न का झालं नाही, तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. संयोगिताला चोविसावं लागलं तेव्हा बेळगावकडचा उमाजी नावाचा मुलगा सांगून आला. इथंच विमानाच्या कारखान्यात नोकरीला, उंच, सावळा, हसरा. दोन्ही घरं इतकी खूश, की देवक विचारायचंही राहून गेलं. मुलाला आणि मुलीला बोलायला म्हणून मागच्या अंगणात बसवलं. आता मुलीनं अशा वेळी काय बोलावं? पगार किती, आई कडक आहे का, असलं काही. हिनं विचारलं, तुमच्या गावी झाडं कुठली? उमाजी हसला, आणि त्यानं आपल्या विहिरीवरच्या कळंबाचं वर्णन सुरू केलं. केवढाली पानं, आषाढात लाडवासारखी गोल गोल पिवळी फुलं, आणि वास तर असा की सगळं घर भरून जातं.

"वास कसा? मोगऱ्यासारखा?"

"नाही."

"मग केवड्यासारखा?"

"तो सांगता येत नाही हो," उमाजी म्हणाला. "येत्या आषाढात गावी नेऊन दाखवीन की तुम्हाला."

संयोगिता हरखून गेली. आपलं देवक ज्या झाडाचं, ते झाड आता आपल्याला बघायला मिळणार! ती धावत आत गेली आणि भर बैठकीत म्हणाली, "आप्पाजी, त्यांच्याकडंही कळंबाचं झाड आहे!"

झालं. आप्पाजींनी उमाजीच्या वडिलांकडं बघून विचारलं, "म्हणजे तुमचं देवकही कळंबच?" ते म्हणाले, "हो." एका देवकाचे मुलगा-मुलगी म्हणजे भाऊबहीण. लग्न होत नाही. पाहुणे उठले, निघाले, आणि पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. पुढं तीन-चार स्थळं आली, पण संयोगिता प्रत्येकाला नाही म्हणाली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

आता अलीकडं येऊ. भगवंतरावांची बायको नीरजा जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांची एकुलती मुलगी अक्षरा या आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढली. तिला ती कानडी वळणानं अत्ते म्हणायची. अक्षराच्याच ऑफिसातला वेदांत नावाचा पुण्याचा मुलगा तिच्या मनात भरला, आणि उगादीनंतरच्या, म्हणजे पाडव्यानंतरच्या रविवारी तो आपल्या आईला, शुभदाबाईंना, घेऊन घरी आला.

शुभदाबाई मोकळ्या स्वभावाच्या. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "हे बघा, आम्ही रीतीभाती फारशा पाळत नाही हं. अ‍ॅक्च्युअली गणपतीसुद्धा आमचा सोसायटीतच असतो. मुलं खूश तर आपण खूश."

भगवंतराव कसनुसं हसले. दसऱ्याला फेटा बांधून शस्त्रं पुजणारा, संक्रांतीचा तिळगूळ कुणाला आधी द्यायचा यावरून वाद घालणारा हा माणूस. साडेतीनशे वर्षांमागं गाव सोडलेले हे लोक सगळं धरून बसलेले, आणि पुण्याहून परवा निघालेले ते लोक सगळं घरी ठेवून आलेले. संयोगिताला याची मोठी गंमत वाटली, आणि गंमत वाटली की तिला प्रश्न सुचतात.

"तुमचं देवक कुठलं हो?" तिनं चिवड्याची बशी पुढं करत विचारलं.

"संयू, आता कशाला ते?" भगवंतराव घाईनं म्हणाले. "त्यांना स्वल्प बसू दे तरी."

संयोगितानं चमकून भावाकडं बघितलं. पाहुण्याचं नाव विचारायच्या आधी देवक विचारणारे अण्णा आज आता कशाला म्हणतात? आणि असं कुणी म्हटलं की हिला जास्तच जोर चढतो.

"देवक म्हणजे कुलदैवतच ना?" शुभदाबाईंनी विचारलं.

"नाही हो, ते वेगळं. लग्नात झाडाची डहाळी बांधतात ती."

"अय्या, हे मला माहीतच नाही. वेदांत, नंदूकाकांना विचार रे, त्यांना गावाकडचं सगळं ठाऊक असतं."

वेदांतनं हौसेनं फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून नंदूकाकांचा खणखणीत आवाज आला, "देवक? अरे, कळंब! आपल्या मळ्यात विहिरीपाशी आहे की. का रे, ठरलं वाटतं?"

भगवंतरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. त्यांनी पाहुण्यांकडं बघितलं नाही, मुलीकडं बघितलं नाही. त्यांनी बघितलं ते संयोगिताकडं, आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "माफ करा. हे जमायचं नाही."

त्या संध्याकाळी घरात जे रण माजलं ते काय सांगावं! अक्षरा ओरडली, रडली, पुन्हा ओरडली. "एका झाडासाठी? बाबा, तुम्ही शुद्धीवर आहात का? आम्ही रजिस्टर लग्न करू!"

"करा," भगवंतराव म्हणाले. "मी अडवणार नाही. पण मी येणारही नाही."

"का पण? कारण तरी सांगा!"

"या घरात एकदा जे नाही म्हटलंय, त्याला आता हो म्हणता येत नाही," एवढंच बोलून ते आत गेले आणि जेवायलाही आले नाहीत.

संयोगितानं भावाचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःलाच बोल लावला. एकदा आपल्या तोंडानं आपलं लग्न मोडलं, आणि आता त्याच तोंडानं पोरीचं! जीभ झडली का नाही? अक्षरा बापाशिवाय लग्न करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वरून आग पाखडली तरी पोर आतून बापाची. म्हणजे दोघं दोन खोल्यांत कुढत बसणार, आणि मधल्या खोलीत आपण. पण एवढ्या घोळातही तिच्या डोक्यातला तो दुसरा प्रश्न काही जाईना. अण्णांनी माझ्याकडं का बघितलं?

पुढच्या शनिवारी अक्षरा सुजलेल्या डोळ्यांनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "अत्ते, मला ते झाड बघायचंय. माझं लग्न मोडणारं आहे तरी कोण ते."

"कुमारिकेनं जायचं नसतं," संयोगिता सवयीनं म्हणाली.

"मग तूही नाही बघितलंस?"

"नाही."

मग संयोगितानं पायात चपला सरकवल्या.

टॅक्सी विमानतळाच्या रस्त्याला लागली तशी संयोगिता पुढं सरकून बसली. या वयात, आणि कशासाठी, तर एक झाड बघण्यासाठी! कॅलेंडरवरच्या कृष्णामागं दिसतो तसा असेल का तो? डेरेदार, पिवळ्या लाडवांनी लगडलेला? पण आता तर चैत्र, फुलं आषाढात येतात म्हणाले होते. वास यायचा नाही. नाही तर नाही, पानं तरी बघू. अक्षरा खिडकीबाहेर बघत बसली होती, आणि ही आपली मनातल्या मनात लग्नघरी निघाल्यासारखी पदर सारखा करत होती.

जुनं रान आता रान राहिलं नव्हतं. भावकीनं ते विकून टाकलं होतं. आखलेले रस्ते, प्लॉटचे दगड, कमानीवर इंग्रजी नाव. फक्त एका कोपऱ्यातला तुकडा भगवंतरावांनी विकताना वगळून घेतला होता. तारेचं कुंपण, त्याला छोटं फाटक, आणि आत एकच एक झाड.

संयोगिता फाटकाशीच थबकली. पायाखाली फुलांचा सडा होता. लाह्यांसारखी, जांभळट पांढरी.

"अत्ते," अक्षरा हळूच म्हणाली, "हे होंगे आहे."

"दुसरं असेल," संयोगिता म्हणाली. "मागं असेल बघ."

ती स्वतः झाडाला वळसा घालून आली. मागं नुसती तार होती, आणि तारेपलीकडं कुणाच्या तरी घराचा पाया. दुसरं झाड नव्हतं. या झाडाच्या बुंध्याशी मात्र हळदीकुंकवानं माखलेला दगड होता, काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते आणि विटून गुलाबी झालेली लाल चिंधी होती. तिनं वर हात करून एक डहाळी खाली ओढली. एका देठावर पाच-सात गुळगुळीत पानं, मध्ये चपट्या शेंगा. रोज सकाळी जो हिच्या दारात कचरा करतो तोच हा. नाही तर त्याचा पाठचा भाऊ.

तिला आधी हसू आलं. इतकं की ती त्या दगडाशेजारी मटकन बसली आणि डोळ्यांना पदर लावून हसत राहिली. "पोरी, हातावर चापट खाल्ली गं मी याच्यासाठी!"

"म्हणजे आपलं देवक कळंब नाहीच!" अक्षरा टाळी वाजवून म्हणाली. "मग प्रश्नच मिटला! अत्ते, बाबांना सांगितलं की..." आणि ती एकदम गप्प झाली, कारण आत्याचं हसू थांबलं होतं. तिलाही ते उमाजीचं प्रकरण ऐकून माहीत होतं, आणि तेही लग्न उगाच मोडलं हे आता तिच्या ध्यानात आलं. ती खाली बसली आणि तिनं संयोगिताचा हात धरला.

"अण्णा इथं येऊन गेलाय," संयोगिता म्हणाली. "त्याच्या लग्नात. त्यानं हे बघितलंय. बंगळुरात जन्मलेला माणूस होंगे ओळखणार नाही?"

परतताना गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला मुलीचं बारसं झालं म्हणून सांगत होता, तर नाव काय ठेवलं एवढंही तिनं विचारलं नाही. यावरून काय ते समजा.

भगवंतराव व्हरांड्यात खुर्चीवर होते. संयोगिता आत यायच्या आधी फाटकाबाहेर थांबली, टाचा उंचावल्या आणि होंगेची एक डहाळी कडकन मोडली. तीन पायऱ्या चढून तिनं ती भावाच्या मांडीवर, पेपरावर ठेवली.

"हे काय आहे?"

"देवनहळ्ळीला गेली होतीस?"

"मी विचारतेय, हे काय आहे?"

"कळंब," भगवंतराव पुटपुटले.

"अण्णा!"

"होंगे," ते म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"माझ्या लग्नापासून." त्यांचा आवाज खोल गेला. "आप्पाजींबरोबर गेलो होतो. झाड बघून मी हसलोच. म्हटलं, आप्पाजी, हे तर होंगे. ते म्हणाले, आपले लोक इकडं आले तेव्हा त्यांना आसपास कळंब सापडला नसेल. जे सापडलं त्याला कळंब म्हणून हात जोडले, पुढच्यांनी त्यांचं बघून जोडले. बाहेर बोभाटा नको म्हणून कापड आलं असेल. मी विचारलं, मग संयूचं काय? तर ते घरी येईपर्यंत बोलले नाहीत. मरेपर्यंत बोलले नाहीत."

"आणि तू?"

"उमाजीचं लग्न झालं होतं तोवर. मुलगाही झाला होता. तुला सांगून काय झालं असतं?"

"रडले असते!" संयोगिता इतक्या जोरात म्हणाली की समोरच्या घराची खिडकी उघडली. "पोटभर रडले असते, आप्पाजींना चार शब्द सुनावले असते आणि मग उठले असते. ती नंतरची स्थळं मी का नाकारली, ठाऊक आहे? मला वाटलं, देवकानंच मला नको म्हटलंय. जे झाड सगळ्यांच्या लग्नाला उभं राहतं ते माझ्याच आड आलं, म्हणजे माझ्यातच काही खोट असेल. असं समजून बसले मी, अण्णा! आणि झाड हे! रोज सकाळी शिव्या देत होते मी याला, आणि तू तिथं बसून ऐकत होतास!"

भगवंतरावांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"आणि आता अक्षराचं का मोडायला निघालास?"

"मग कुठल्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले. "तुझ्या वेळी कळंब, आणि माझ्या मुलीच्या वेळी होंगे? तुला जे मिळालं नाही, ते तुझ्याच डोळ्यांदेखत माझ्या पोरीला देऊ? नाही जमलं मला. म्हटलं, तुझ्यावर झाला तो अन्याय तर अन्याय, पण सगळ्यांवर सारखा होऊ दे."

"वा! शहाणाच आहेस."

अक्षरा फाटकात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला आत यावं की पळून जावं कळत नव्हतं. संयोगितानं तिच्याकडं बघितलं, मग भावाकडं, आणि टीपॉयवरचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

"शुभदाबाईंना लाव."

"काय सांगू?"

"मांडीवर काय आहे ते सांग."

भगवंतरावांनी फोन लावला. दोनदा घसा खाकरला. "नमस्कार. आमच्याकडून एक चूक झाली, मोठी चूक. आमचं देवक कळंब नाही. करंज आहे, आम्ही इकडं होंगे म्हणतो त्याला. नाही नाही, बदललं नाही. पहिल्यापासून तेच होतं. आम्ही त्याला कळंब म्हणत होतो एवढंच."

पलीकडून शुभदाबाईंचा हसण्याचा आवाज आला, आणि मागून वेदांतनं ठोकलेली आरोळी. अक्षरा व्हरांड्याच्या पायरीवर बसून हुंदके देऊ लागली. तिचा जीव भांड्यात पडला होता, पण आनंदानं उडी मारायची तिची हिंमत होईना.

"अजून एक," संयोगिता भावाला म्हणाली. "देवक आणायला मी जाणार. आणि उघडं आणणार. कापडबिपड काही नाही."

"संयू, लग्न न झालेल्या बाईनं..."

"लग्न का नाही झालं, ते आत्ताच सांगितलंस की."

भगवंतरावांनी मान डोलावली. "सरी," म्हणजे बरं, असं कानडीत म्हणाले.

त्यानंतर किती तरी दिवस ती भावाशी बोलली नाही. कॉफी वेळेवर यायची, पण पेला असा आदळला जायचा की निम्मी कॉफी बशीत. भगवंतराव ती निमूट पिऊन टाकायचे. लग्नाची सगळी धावपळ ती करत होती, हॉल, स्वयंपाकी, बांगड्या, सगळं. अण्णांना काही सांगायचं झालं तर अक्षराकरवी. एकदाच ती सरळ बोलली, तेही सकाळी झाडू मारताना, आणि तेही होंगेशी. "तुझा काही दोष नाही रे बाबा," एवढंच.

वैशाखात बसवनगुडीच्या एका हॉलमध्ये मांडव पडला. संयोगिता देवनहळ्ळीहून टॅक्सीनं आली ती हिरवीगार डहाळी मांडीवर उघडी ठेवून, आणि तशीच हातात धरून सगळ्यांच्या मधून चालत गेली. म्हाताऱ्या सकवारबाई, भावकीतली सगळ्यांत वडील बाई, डोळे बारीक करून बघू लागल्या.

"अगं, हे तर होंगे!"

"होय."

"मी कधी झाडापाशी गेलेच नाही. माझ्या लग्नात कापडात होतं, ते काय होतं गं?"

"हेच होतं, सकवारबाई."

सकवारबाईंनी क्षणभर विचार केला. "बाई बाई! आणि संसार तर चांगलाच झाला की गं माझा," असं म्हणून त्यांनी डहाळीला हळदकुंकू लावलं. मग बाकीच्या बायका पुढं झाल्या. कुजबुज झाली, नाही असं नाही. दोन-चार जुनी माणसं रुसून मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसली. पण जेवायला पहिल्या पंगतीला तीच होती.

तेवढ्यात शुभदाबाई नव्या पैठणीत लगबगीनं आल्या. हातात ओल्या टॉवेलचं लांबोडकं गाठोडं. "संयोगिताताई, आमचं पण आणलंय हं. नंदूभाऊजींनी मळ्यातून पाठवलं. विमानात सामानात घातलं, जीव नुसता टांगणीला. हे कुठं बांधायचं, मला काही कळत नाही, तुम्हीच बघा."

संयोगितानं गाठोडं घेतलं. अक्षरा पलीकडून बघत होती, भगवंतरावही फेटा सावरत जवळ आले होते. तिनं टॉवेलची गाठ सोडली, एक घडी उलगडली, दुसरी उलगडली.

पानं केवढी! तळहाताहून मोठी, एकेका शिरेचा उठाव बोटाला लागणारा. समोरासमोर जोडीनं फुटलेली. आणि शेंड्याशी, पानांच्या आड, एक चुकार कळी लवकर धरलेली. हिरवी, गोटीएवढी, अगदी गोल.

"खरंच की," संयोगिता म्हणाली. "लाडवासारखीच." तिनं कळीवरून बोट फिरवलं. "खरं सांगत होते ते."

तिनं कळी नाकाशी नेली. काही नाही. नुसता ओल्या पानाचा वास.

"आत्ता नाही येत हो वास," शुभदाबाई म्हणाल्या. "फूल उमलावं लागतं. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक आहे ना, आषाढात असा घमघमाट सुटतो."

"कसा असतो?"

"कसा म्हणजे... आता कसं सांगू बाई? तो सांगता नाही यायचा."

संयोगितानं डहाळी पुन्हा टॉवेलात गुंडाळली नाही. तिनं ती तशीच भावाच्या हातात दिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"नीट धर. मेढीला बांध, आपल्या होंगेशेजारी. आणि अण्णा, आषाढातलं पुण्याचं तिकीट काढून ठेव. माझं एकटीचं."

"आषाढात? पावसापाण्याची कशाला जातेस संयू?"

"वास कसा असतो ते बघायचंय," संयोगिता म्हणाली.